सफर : झेल आम झेला निघण्यापूर्वी



गेल्या महिन्यात महाडच्या एका भगिनीचे पत्र आले. मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. तो म्हणतो, या उन्हाळ्यात अम्मी, अब्बा आणि दादी तिघांनाही बोलावतो आणि पाच दिवस ऑस्ट्रियात झेल आम झे नावाच्या गावी घेऊन जातो. तळे आहे, वर बर्फ आहे, अरब मंडळी खूप येतात, म्हणजे आपल्याला अवघड जाणार नाही. भगिनी विचारतात : हलाल मिळते का? नमाजचे काय? थंडी किती? आणि पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात : "माझ्या सासूबाई चाळीस वर्षांपासून नकाब घेतात. तिथे चालेल ना?"

आम्ही उत्तराची सुरुवात त्या बारीक अक्षरापासून करतो.

चालणार नाही. ऑस्ट्रियात १ ऑक्टोबर २०१७ पासून असा कायदा आहे की, ओळख पटणार नाही अशा रीतीने चेहरा झाकून सार्वजनिक ठिकाणी वावरता येत नाही. दंड १५० युरोपर्यंत. रस्ता, स्टेशन, आगगाडी, बोट, केबल कार, दुकान हे सगळे सार्वजनिक. डोक्यावरचा स्कार्फ, हिजाब, अबाया यांना मनाई नाही. केस, कान, गळा झाकलेला चालतो, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दिसला पाहिजे. थंडीतला मफलर, आजारपणातला मास्क, खेळातले हेल्मेट यांना सूट आहे. जुलैच्या उन्हात मफलरचे निमित्त कोणी ऐकून घेणार नाही. कायद्याची भाषा सर्वांसाठी सारखी आहे. तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केला, हे मात्र तिथल्या माणसालाही विचारावे लागत नाही.

मुलाच्या हे लक्षात आले नसेल तर त्याला बोल लावू नका. जर्मनीत रस्त्यावर चालणाऱ्या बाईला अशी सरसकट बंदी नाही. म्युनिकच्या बाजारात तो नकाबवाल्या बायका रोज पाहत असेल. आगगाडी मध्येच केव्हातरी सरहद्द ओलांडते आणि त्याच डब्यात, त्याच बाकावर कायदा बदलतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही याच वाटेने याच गावी गेलो, तेव्हा बरोबर आमच्या मोठ्या आपा होत्या. त्याही नकाबवाल्या. आम्हाला कायदा ठाऊक होता. घरी सांगितले तर आपा यायच्या नाहीत, आणि आपा नाहीत तर अम्मीही नाहीत, म्हणून गप्प बसलो. "तिथे गेल्यावर बघू" असे मनाशी म्हटले. साल्झबुर्ग जवळ आले तेव्हा समोर बसलेल्या एका तुर्की मुलीने मोबाइलवर इंग्रजीत काहीतरी लिहून आम्हाला दाखवले आणि आपांकडे बोट केले. आपांनी विचारले, काय लिहिले आहे? आम्ही सांगितले. मग त्यांनी दुसरे विचारले, "तुम्हाला आधी माहीत होते?"

त्यांनी नकाब काढून घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या. पहिले दोन दिवस त्या खोलीबाहेर आल्या नाहीत. बाल्कनीतून तळे पाहिले. खालच्या फरसबंद वाटेवरून अबाया घातलेल्या अरब बायका, चेहरे उघडे, हातात आइस्क्रीम, मुलांच्या मागे धावताना दिसत होत्या. त्यांनाही आपा पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाल्या, "चला, बोटीत बसू." त्या दिवशी त्या हसल्यादेखील. पण परतल्यावर, आमच्या घरातच, त्यांनी जे सांगितले ते आम्हाला अजून बोचते : "तळे छान होते. मला इथे विचारले असते तर कदाचित मी माझ्या मनाने आले असते. तुम्ही मला आणले."

म्हणून महाडच्या भगिनीला आमचे सांगणे असे की, व्हिसाचे कागद भरण्याआधी दादींशी हे बोला. मुलाने फोनवर नव्हे, तुम्ही समोर बसून. त्या चेहरा उघडा ठेवून यायला तयार असतील तर उत्तम. नसतील तर हट्ट करू नका आणि त्यांना घरी एकटेही ठेवू नका, बेत बदला. म्युनिकच्या बाजूला बव्हेरियातच तळी आहेत : टेगर्नझे, कीमझे, आणि डोंगरांच्या उभ्या कड्यांमध्ये शिरलेले क्योनिग्झे. क्योनिग्झेवर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, आवाज नाही की धूर नाही. ते जर्मनीत आहे. स्वित्झर्लंडचा विचार मात्र या कारणासाठी करू नका; तिथेही १ जानेवारी २०२५ पासून चेहरा झाकण्यावर देशभर बंदी आहे. फ्रान्सची तर २०११ पासूनच आहे.

दादी तयार झाल्या असे धरून पुढे लिहितो.

गावाचे नाव आपल्याकडचे एजंट झेल अॅम सी असे सांगतात. तिथले लोक पहिल्या अक्षराचा उच्चार 'त्स'च्या जवळ करतात. अर्थ सोपा आहे : तळ्याकाठची कुटी. आठव्या शतकात ख्रिस्ती साधूंनी इथे मठी बांधली, तिच्यावरून नाव पडले. साल्झबुर्ग प्रांतातले हे गाव ७५७ मीटर उंचीवर आहे, वस्ती दहा हजारांच्या आसपास. तळे सुमारे चार किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद. गाव पश्चिम काठावर, त्याच्या पाठीशी श्मिटनह्योहे हा १९६५ मीटरचा डोंगर आणि दक्षिणेला काप्रूनच्या वर किट्झश्टाइनहॉर्न, ३२०३ मीटर, ज्यावर उन्हाळ्यातही बर्फ असते.

व्हिसा कोणत्या देशाचा, हा प्रश्न हमखास येतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा. महिनाभर म्युनिकला मुलाकडे आणि पाच दिवस ऑस्ट्रियात, तर जर्मनीचा शेंगेन व्हिसा घ्यावा; तोच ऑस्ट्रियात चालतो. जून २०२४ पासून फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका.

आता कधी जावे? आपली मुलांची सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत. नेमक्या याच दोन वेळा तिथे मधला मोसम असतो. बर्फाचे खेळ संपलेले, उन्हाळा सुरू झालेला नाही. अनेक हॉटेले आणि केबल कार दुरुस्तीसाठी बंद, तळ्याचे पाणी बर्फगार. स्वस्त पडते म्हणून एजंट मे गळ्यात मारतात. जून किंवा सप्टेंबर आम्हाला सर्वांत बरा वाटला. जुलै-ऑगस्टमध्ये आखाती देशांतली कुटुंबे मोठ्या संख्येने येतात, भावही चढतात. आणि पाऊसही तेव्हाच. वाळवंटातल्या माणसाला तो पाऊस म्हणजे नेअमत. महाडहून निघालेल्याने मात्र पावसातून उठून पावसात जाण्याचा विचार करावा. दुपारनंतर डोंगरावर विजा कडाडतात, म्हणून उंचावर जायचे ते सकाळीच.

म्युनिकहून साल्झबुर्गला किंवा व्योर्गलला गाडी बदलून तीन तासांच्या आसपास लागतात. साल्झबुर्गपासून दीडेक तास. ही लोहमार्गाची वाट १८७५ ची आहे आणि स्टेशन अगदी तळ्याला लागून आहे. सामान ओढत डोंगर चढावा लागत नाही, गावचा मधला भाग पायी फिरण्यापुरता आणि काठाची वाट सपाट आहे. दादींचे गुडघे दुखत असतील तरी अडचण नाही. मुलगा मोटारीने नेणार असेल तर ऑस्ट्रियाच्या मोटरवेसाठी टोलचा परवाना आधी घ्यावा लागतो, आणि १४ वर्षांखालील, १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळी बैठक सक्तीची आहे. मांडीवर बसवून नेणे चालत नाही.

मुक्काम ठरवताना दोन गोष्टी विचारा. स्वयंपाकघर आहे का, आणि उन्हाळी पाहुण्यांचे कार्ड देतात का. हे कार्ड ठरावीक हॉटेले-घरे भाड्यातच देतात; त्यावर केबल कार, बोट, पोहण्याची जागा अशा पुष्कळ गोष्टी मोफत किंवा सवलतीत होतात. दोन घरांच्या भाड्यात थोडा फरक असेल तर कार्डवाले घ्या, चार माणसांचा खर्च वसूल होतो. शिवाय २०२५ पासून साल्झबुर्ग प्रांतात मुक्कामी पाहुण्यांना प्रांतातल्या बस-गाड्या मोफत झाल्या आहेत. तिकीट मुक्कामाच्या नोंदणीबरोबर मिळते. मागून घ्या.

स्वयंपाकघराचा आग्रह का, तर खाण्यासाठी. अरब पाहुण्यांमुळे या एवढ्याशा गावात हलालची पाटी लावलेली खाण्याची ठिकाणे आहेत, अरबी मेनूकार्डेही दिसतात. पण पाटी दिसली तरी विचारावे. विचारल्याचा कोणी राग मानत नाही. बाकीच्या ठिकाणी काही शब्द ओळखता आले पाहिजेत. श्वाइन म्हणजे डुक्कर. श्पेक आणि शिंकन हे त्याचेच मांस. श्माल्झ म्हणजे चरबी, बहुधा त्याचीच. श्नित्झेल अनेक ठिकाणी डुकराचे असते, आणि वासराचे असले तरी तळण कशात आहे ते कळत नाही. कायझरश्मार्न नावाचा गोड पदार्थ मुलांना आवडेलसा दिसतो, पण त्यातले मनुके बरेचदा रममध्ये भिजवलेले असतात. आम्ही फोरेले, म्हणजे ट्राउट मासा, आणि भाजी-भाकरीवर निभावले. त्या भागाचा कास्नोकन नावाचा पदार्थ, चीजमध्ये घोळवलेल्या पिठाच्या गोळ्या, वर तळलेला कांदा, लोखंडी तव्यातच समोर येतो. "श्पेक नको" एवढे सांगून ठेवावे.

घरून काय न्यावे? मसाले, डाळ, तांदूळ, छोटा कुकर. काय नेता येत नाही हे जास्त महत्त्वाचे : युरोपच्या बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे खिमा, सुकवलेले मटण, घरचे तूप, खव्याची मिठाई सगळे विमानतळावर काढून घेतात. ताजी फळे-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मुलाने कितीही मागितला तरी हापूस नेऊ नका, कढीपत्ताही नाही. खजूर, नारळ, केळी, अननस यांना सूट आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरावा. पाणी विकत घेऊ नका, नळाचे पाणी निर्धास्त पिता येते.

नमाजच्या वेळांनी आम्हाला पहिल्या दिवशी चकवले. जूनअखेर तिथे मगरिब सव्वानऊच्या सुमारास होते. ईशा १८ अंशांच्या वेळापत्रकाप्रमाणे मध्यरात्र उलटल्यावर, आणि फज्र दोन वाजून गेल्यावर लागते. वेगवेगळ्या मोबाइल अॅपमध्ये तासाभराचाही फरक दिसतो, कारण प्रत्येकाचा हिशेब वेगळा. कोणते धरावे, आणि कसर-जमाचा मसला, हे निघण्यापूर्वीच आपल्या मस्जिदच्या इमामसाहेबांना विचारून ठेवा. रात्री बारा वाजता हॉटेलात भांडत बसू नका. आणखी एक : सूर्य गावामागच्या डोंगराआड लवकर जातो. काठावर सावली पडते, गार वाटू लागते आणि मगरिब झाली असे वाटते. झालेली नसते. घड्याळ पाहावे. किब्ला तिथून आग्नेयेला आहे. जन्मभर पश्चिमेकडे तोंड केलेल्या आमच्या अम्मी पहिल्या रात्री जानमाज तीनदा फिरवत होत्या.

जुमासाठी मिनार शोधू नका. ऑस्ट्रियाने इस्लामला १९१२ साली कायद्याने मान्यता दिली, बोस्निया ताब्यात आल्यानंतर. पुढे १९६४ च्या करारानंतर तुर्की कामगार आले आणि त्यांनी गावोगावी नमाजच्या जागा केल्या, पण त्या साध्या इमारतींत असतात, रस्त्यावरून ओळखू येत नाहीत. कबाबवाल्याला किंवा तुर्की किराणावाल्याला विचारले की तो पत्ता सांगतो. खुतबा बहुधा तुर्कीत असतो.

न्हाणीघराबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण घरच्या मासिकात लिहिले नाही तर कुठे लिहायचे? शौचालयात पाणी नसते. एक हलका लोटा किंवा बाटली सामानात ठेवा. न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. वुझू करताना सांडलेले पाणी खालच्या मजल्यावर उतरते आणि नंतर बिल येते. टॉवेल पसरून बसा, मग पुसून घ्या. खोलीत जमिनीवर दस्तरखान घालायचा तर खाली प्लास्टिक हवे. २०१४ साली या गावच्या पर्यटनवाल्यांनी अरब पाहुण्यांसाठी एक पुस्तिका काढली होती : दुकानात घासाघीस करू नका, खोलीत जमिनीवर बसून जेवू नका, बुरखा घालू नका. त्यावर बरीच टीका झाली, आणि ती योग्यच होती. पाहुण्याचे पैसे हवेत आणि पाहुणा नको, असा तिचा सूर होता. पण गालिच्यावर सांडलेला रस्सा हा खरा प्रश्न आहे, त्याला अपमान समजू नये. रात्री दहानंतर आवाज करू नये, कचरा कागद, काच, प्लास्टिक असा वेगळा टाकावा. इतके सांभाळले की घरमालकीण दुसऱ्या दिवसापासून हात हलवून "ग्र्यूस गॉट" म्हणते.

पोहण्याच्या जागा काठावर तीन ठिकाणी आहेत, स्त्री-पुरुष एकत्र. अंगभर पोहण्याचा पोशाख चालतो का, हे त्या त्या ठिकाणी आधी विचारावे. स्पाच्या जाहिराती पाहून सौनाचे तिकीट मात्र काढू नका. तिथल्या रिवाजाप्रमाणे सौनात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात.

पाच दिवसांत काय पाहावे, तर घाई न करता तीन-चार गोष्टी. बोटीची फेरी पाऊण तासाची. तळ्याला पायी प्रदक्षिणा अकरा-बारा किलोमीटर. दादींसाठी अर्धी बोटीने. श्मिटनह्योहेची केबल कार १९२७ च्या अखेरीस सुरू झाली, वर बसायला बाके आणि चहू बाजूंना बर्फाचे सुळके. किट्झश्टाइनहॉर्नला वरचे स्टेशन ३,०२९ मीटरवर आहे; जुलैतही स्वेटर, कानटोपी आणि बंद बूट हवेत. रक्तदाब किंवा दमा असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच तिथवर जावे आणि वर पोहोचल्यावर धावपळ करू नये. याच डोंगरावर ११ नोव्हेंबर २००० रोजी बोगद्यातल्या गाडीला आग लागून १५५ माणसे गेली. ती गाडी पुन्हा सुरू झाली नाही. आता सारी ये-जा उघड्यावरच्या केबल कारने होते.

ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटर, ३६ वळणे, मोटारीला चाळीस युरोंहून अधिक टोल. मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो. आंबेनळी घाट चढलेल्यांना वळणांची भीती नाही, पण हा अडीच हजार मीटरपर्यंत चढतो. वर पास्टर्झे हिमनदी दिसते, ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी. दरवर्षी मागे सरकते आहे. आवळा सुपारी जवळ ठेवा.

अडीअडचणीला ११२, रुग्णवाहिकेला १४४, डोंगरात अडकल्यास १४०. औषधाच्या दुकानावर लाल 'ए' असतो, पण रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरूनच न्या.

महाडच्या भगिनींनी दादींशी बोलून झाल्यावर काय ठरले ते कळवावे. क्योनिग्झे ठरले तर तिथल्या मुक्कामाची माहिती आम्ही पुढच्या अंकात देऊ.